किशोरींची ताई होताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वयात येणाऱ्या मुलींना शिक्षण, कामधंदा आणि स्वतंत्र आयुष्यासाठी तयार करणाऱ्या आई, मावशी, शिक्षिका, शेजारच्या ताई यांच्याकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. एक प्रश्न खुद्द एका मुलीचा आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले. गावातल्या आठवी ते दहावीच्या बारा मुलींसाठी आठवड्यातून एकदा ‘पुढच्या आयुष्याची तयारी’ असं काही सुरू करायचं आहे. शिकवणी नको. काय करावं, काय टाळावं?
— निवृत्त शिक्षिका, तासगाव तालुका

बाई, एका व्यक्तीला बारा मुली जास्त होतात. सहा मुलींमागे एक ताई, हे प्रमाण धरा. गावातलीच बारावी किंवा डिप्लोमा झालेली वीस-बावीस वर्षांची मुलगी जोडीला घ्या. बाईंना जे सांगायला जीभ रेटत नाही, ते मुली तिला सांगतात.

पहिल्या बैठकीच्या आधी प्रत्येक घरी जाऊन या. आईला भेटाच, पण घरात निर्णय ज्याच्या शब्दानं होतो त्यालाही भेटा. कधी सुरू, कधी संपणार, घरी कोण सोडणार आणि तिथं काय चालणार, एवढं स्पष्ट सांगून वहीत सही घ्या. जागा वाचनालयाची किंवा शाळेची, दार उघडं. एकट्या मुलीला स्वतःच्या घरी बोलावू नका. मुलींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकू नका, तुमच्या जोडीदार ताईलाही टाकू देऊ नका. एका फोटोवरून घरात बोलणी बसतात आणि मुलगी यायची थांबते.

‘तुला कोण व्हायचंय?’ या प्रश्नानं सुरुवात करू नका. डॉक्टर, कलेक्टर, पोलीस, शिक्षिका अशी उत्तरं येतील, कारण तेवढीच कामं तिनं नावानिशी ऐकली आहेत. पहिल्या दिवशी कागदावर मोठं वर्तुळ काढायला सांगा, त्याचे चोवीस भाग करा आणि कालचा दिवस त्यात भरायला सांगा. पाणी, भांडी, धाकट्या भावाला आणणं, शाळा, अभ्यास, झोप. अभ्यासाला सलग अर्धा तासही मिळत नाही हे मुलीला पहिल्यांदा कागदावर दिसतं, आणि पुढं आईशी बोलायला तुमच्याही हातात काही असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत पाच किलोमीटरच्या आतल्या पगारी कामांची यादी करा. महावितरण, पशुवैद्यकीय दवाखाना, दूध संकलन केंद्र, द्राक्षांचं पॅकहाऊस, औषधांचं दुकान, बँक, सेतू केंद्र, तलाठी कार्यालय. यादी वाढत जाते तसे मुलींचे डोळे मोठे होतात. मग दोघी-दोघींनी मिळून एकेका माणसाला भेटायचं. शिक्षण कुठलं घेतलं, त्याला किती वर्षं लागली, पहिला पगार किती होता, कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय, आज पुन्हा सुरुवात करायची तर काय वेगळं कराल, एवढे पाचच प्रश्न. आजचा पगार विचारला की लोक आखडतात, पहिला मात्र आनंदानं सांगतात.

पाहुण्यांची भाषणं ठेवू नका. एएनएम सिस्टरांना रक्तदाबाचं यंत्र घेऊन बोलवा, वायरिंग करणाऱ्या ताईला टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन. अर्धा तास पुरतो आणि त्यात प्रत्येक मुलीच्या हातात वस्तू आली पाहिजे. पाळी आणि शरीराबद्दलची बैठक पहिल्या दोन महिन्यांतच घ्या. त्यासाठी आदल्या आठवड्यात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला डबा ठेवा. खरे प्रश्न त्या डब्यातूनच येतात.

आता सगळ्यात जपून करायची गोष्ट. ‘इथलं इथंच राहील’ असं सरसकट वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा : ‘तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी नको तसा हात लावला असेल किंवा लग्न ठरवत असतील, तर मी गप्प बसणार नाही. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ मुलगी बोललीच, तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. पुन्हापुन्हा विचारू नका, आणि ज्याचं नाव तिनं घेतलं त्याला समेटासाठी मुळीच बोलावू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी रात्रंदिवस चालू असते. तातडी असेल तर ११२.

असे गट बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विस्कटतात. तुमच्याकडं ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी सुरू झाली की आया रानात आणि मुली घरात अडकतात. तेव्हा वर्षभर चालवू असं म्हणू नका. जुलै ते जानेवारी, एकूण वीस बैठका, प्रत्येक सव्वा तासाची, असं आधीच ठरवा. छाटणीचे दोन-तीन आठवडे त्यातून वगळा. शेवट माहीत असला की पालकही पोरीला सोडतात.

मी दहावीत आहे. ७० ते ७५ टक्के पडतील. मला हातानं काम करायला आवडतं, विजेच्या वस्तू उघडून बघते. बाबा म्हणतात, ‘सायन्स घे, मग बघू.’ आई म्हणते, ‘आयटीआय मुलांचं असतं.’ मी काय करू?
— विद्यार्थिनी, सिन्नर

‘मग बघू’ची किंमत दोन वर्षं असते, म्हणून आत्ताच बघू या.

अकरावी-बारावी सायन्स, मग सीईटी, मग इंजिनीअरिंगची चार वर्षं, अशी दहावीनंतर सहा वर्षं होतात. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि तिथं आणखी तीन वर्षं. बेरीज तीच, सहा. फरक एवढाच की डिप्लोमाच्या वाटेनं तिसऱ्या वर्षाअखेर हातात नोकरी मागण्याजोगा कागद असतो. घरची अडचण आली आणि तिथं थांबावं लागलं, तरी तू रिकाम्या हातानं थांबत नाहीस. बारावी सायन्सनंतर थांबावं लागलं तर तसं होत नाही. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वेगळी परीक्षा नसते.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. पुढं कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, तिथं दरमहा विद्यावेतन मिळतं, आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. राज्यातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, म्हणजे ते ‘मुलांचं’ नाही. मुली अर्ज करत नाहीत, हे मात्र खरं. आईला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पॅनेल जोडणाऱ्या किंवा वायरिंग करणाऱ्या एखाद्या बाईशी दहा मिनिटं बोलू दे. आपण शंभर वेळा सांगितलेलं तिथं एकदाच पटतं.

आमचं मत विचारशील तर तुझ्या गुणांना आणि आवडीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा जास्त जुळतो. पण एक धोका ओळखून ठेव. मराठी माध्यमातून गेलेल्या मुली पहिल्या सत्रात गणितात आणि ड्रॉइंगमध्ये अडकतात. बुद्धी कमी पडत नाही, शब्द कमी पडतात. परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंत रोज दहा शब्द घे : करंट, रेझिस्टन्स, स्लोप, टँजंट. मराठी अर्थ, आकृती आणि स्वतःचं एक वाक्य. त्रिकोणमिती आणि अपूर्णांक पुन्हा पक्के कर.

पैशांचं बाबांना नीट सांग. ८ जुलै २०२४ च्या राज्य शासनाच्या निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यात तंत्रनिकेतनंही येतात. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला, खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. वसतिगृह, मेस, प्रवास हा खर्च घरचाच, तो वेगळा मांडायचा. शिवाय एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे : तांत्रिक डिप्लोमा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोघींपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. निवड गुणवत्तेवर होते, त्यामुळे ती मिळेलच असं धरून घरचा हिशेब करू नकोस.

प्रवेशाच्या अर्जात पसंतीक्रम भरताना मुली दोन चुका करतात. एक, एकाच कॉलेजचं नाव भरतात. दोन, मैत्रिणीनं भरलं म्हणून कुठलंतरी पहिलं टाकतात. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून पहिल्या ओळीत तेच कॉलेज टाक जिथं तू खरंच जाणार आहेस. त्याआधी बाबांना घेऊन कामाच्या दिवशी ते बघून ये. कार्यशाळा चालू असते का, मुलींचं वसतिगृह आहे का, गेल्या दोन वर्षांत नोकरी द्यायला कोण आलं आणि त्यात मुली किती लागल्या, हे विचार. संध्याकाळी सिन्नरकडं परतणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते हेही लिहून घे. बाबांचा खरा प्रश्न बहुधा तोच असेल.

मुलगी सोळा वर्षांची आहे. अठरापर्यंत कुठले कागद तयार हवेत? आणि पैसे हाताळायला कसं शिकवावं?
— एक आई, औसा, जि. लातूर

आधी नाव तपासा. जन्मदाखला, आधार, शाळेचं जनरल रजिस्टर आणि दहावीची गुणपत्रिका या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. ‘वैष्णवी’चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं, ही अगदी नेहमीची गोष्ट. पुढं शिष्यवृत्तीचा अर्ज तिथंच अडकतो. जनरल रजिस्टरमधली चूक मुलगी शाळेत असेपर्यंत सुधारणं सोपं, शाळा सोडल्यावर फार किचकट. आधारच्या बोटांचे ठसे आणि फोटो पंधराव्या वर्षानंतर नव्यानं द्यावे लागतात, सतरा व्हायच्या आत ते मोफत होतं. हे राहिलं तर प्रवेशाच्या ऐन दिवसांत अंगठा उमटत नाही.

अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. ओबीसी प्रवर्ग असेल तर नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक पदवीला जायचं असेल, तर अकरावीतच अर्ज करा. त्याला वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे लागतात, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आजोबांच्या किंवा चुलतआजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढायला त्या गावच्या शाळेत जावं लागतं, आणि मे महिन्यात शाळा बंद असते. हे काम दिवाळीनंतर उरकून घ्या. मुलीला सोबत न्या, अर्ज तिलाच लिहू द्या. कागद कुठून येतो हे तिला आत्ता कळलं तर पुढं तिला कुणाच्या मागं फिरावं लागत नाही.

मतदार यादीसाठी सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, नमुना सहा भरायचा.

दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली आहे, मर्यादा बँक ठरवते. खातं तिच्या नावाचं हवं आणि त्याला आधार जोडलेलं हवं. इथं एक खाचखळगा आहे. शाळेत असताना कधीतरी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्याला आधार जोडलेलं असतं, आणि शिष्यवृत्ती नव्या खात्याऐवजी तिकडं जाते. ‘डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, कुठलं खातं जोडलेलं आहे’ हे बँकेत नेमकं विचारा. अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही द्यावी लागते.

पैशांचं म्हणाल, तर महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या हाती द्या. ५०० असो की ८००, पण त्यातून काय भागवायचं ते आधी लिहा : मोबाइलचं रिचार्ज, पॅड, वह्या, बाहेरचं खाणं. वीस तारखेला पैसे संपले तर वर टाकू नका. सगळ्या आया इथंच विरघळतात! पॅड मात्र अडू देऊ नका, ते पुढच्या महिन्यातून वळते करा. तीन महिन्यांनी वही बघा, ओरडायला नाही, बरोबर बसून वाचायला.

मी पुण्यात नोकरी करते. एका संस्थेतर्फे अकरावीतल्या मुलीशी पंधरा दिवसांनी ४५ मिनिटं फोनवर बोलते. चार फोन झाले. ती फक्त ‘हो ताई’, ‘बरं ताई’ म्हणते. माझं काही चुकतंय का?
— वाचक, पुणे

‘हो ताई’ ऐकून नाराज होऊ नका. बहुधा फोन भावाचा असतो, ती स्वयंपाकघरात उभी असते आणि आसपास चार माणसं असतात. फोन लागला की पहिला प्रश्न हाच : ‘आत्ता मोकळं बोलता येईल का?’ नाही म्हणाली तर पाच मिनिटांत आवरा आणि कुठल्या वेळेला ती घराबाहेर असते ते विचारून घ्या. ४५ मिनिटंही फार होतात. दर आठवड्याला वीस मिनिटं बरी.

‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘बरं’ याखेरीज उत्तरच नाही. त्याऐवजी लहान, धरता येण्याजोगं विचारा. ‘या आठवड्यात कुठल्या सरांना काही विचारायचं होतं आणि राहून गेलं?’ ‘कुठल्या तासाला सगळ्यात जास्त झोप येते?’ उत्तर यायला दहा सेकंद लागली तर दहा सेकंद थांबा. पुण्यातली घाई फोनवरही ऐकू जाते.

आणि बोलण्यापेक्षा काम द्या. पहिलं काम : एका कॉलेजच्या कार्यालयात फोन करून अर्जाची तारीख, फी आणि वसतिगृह या तीन गोष्टी विचारायच्या. आधी तुम्ही कारकून व्हा, जरा तुटक बोलणारा, आणि दोनदा सराव करा. ‘नमस्कार, मी अमुक गावाहून बोलतेय, प्रवेशाची चौकशी करायची आहे’ हे पहिलं वाक्य तिला तोंडपाठ असू दे. समोरच्यानं फोन आपटला तर पुन्हा लावायचा, हेही आधीच सांगा. दुसरं काम ई-मेल : विषय, दोन ओळींचा मजकूर, खाली पूर्ण नाव. तिसरं, एका पानाचा नोकरीचा बायोडेटा. मुलींनी घरात पाहिलेला एकमेव बायोडेटा लग्नाचा असतो, म्हणून पहिल्या खर्ड्यात उंची, वर्ण, जात, मामाचं गाव सगळं येतं. हसू नका. शिक्षण, येणारी कामं, केलेली कामं आणि संपर्क एवढंच कशाला, ते समजावून सांगा.

पैसे किंवा फोन पाठवू नका, गरज दिसली तर संस्थेमार्फत जा. एकदा पैसा मध्ये आला की ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. तुमचीच वाट तिला दाखवत नाही ना, हेही तपासत राहा. कंप्युटरवाल्या ताईच्या बहुतेक मुलींना कंप्युटरच ‘आवडायला’ लागतं. कधी थांबायचं ते आत्ताच ठरवा, समजा बारावीनंतरचा प्रवेश होईपर्यंत. शेवटच्या तीन फोनमध्ये तिच्या जवळपासची दोन माणसं, एखाद्या मॅडम आणि एक सीनियर मुलगी, तिला शोधायला लावा.

भाचीला सतरावं लागलं आहे. बारावीचं कॉलेज १८ किलोमीटरवर, म्हणून भाऊ लग्नाचं बघतोय. मी आत्या, माझं कोण ऐकणार?
— वाचक, परभणी जिल्हा

आत्याचं ऐकतात, भांडणाच्या आधी ऐकतात. म्हणून प्रथम भावाची नेमकी भीती काय ते काढा. रस्ता, की मुलांची छेडछाड, की पुढं हुंडा वाढेल ही चिंता? रस्ता असेल तर बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. गाडीची वेळ जुळत नसेल तर चार-पाच मुलींच्या पालकांनी मिळून आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वसतिगृहासाठी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडं चौकशी करा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पुढच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो.

भाऊ तरीही अडला, तर २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात भटजी, मंडपातले पाहुणे कुणीही सापडू शकतं. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. तारीख ठरली असेल तर वाट बघू नका, १०९८ वर कळवा, तुमचं नाव न सांगताही कळवता येतं. भाचीची शाळेची बोनाफाईड आणि जन्मदाखल्याची प्रत तुमच्याकडं ठेवा. वयाचा पुरावा ऐनवेळी घरातून नाहीसा होतो.

पुतणी पोलीस भरतीची तयारी करते. वय १७. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळते, नडगी दुखते, चक्कर येते.
— वाचक, पुसद

मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि चार किलोचा गोळा १५ गुणांना असतो. पाच किलोमीटर रोज पळून ८०० मीटरचा वेग वाढत नाही, नडगी मात्र बिघडते. डांबर सोडून शाळेच्या मातीच्या मैदानावर आणा. आठवड्यातून दोन दिवस २०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं. दोन दिवस गोळा आणि बैठका, एक दिवस सावकाश लांब पळणं, दोन दिवस विश्रांती. हे सगळं नडगीचं दुखणं थांबल्यावर. तोवर फक्त चालणं. उंची आत्ताच अनवाणी मोजा, किमान १५५ सेंटिमीटर लागते. दोन वर्षं घासल्यावर हे कळणं फार जिव्हारी लागतं.

चक्कर येते म्हणजे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर गोळ्या देतील. तसं नसलं तरी किशोरींसाठीची लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती शाळेत किंवा अंगणवाडीत मोफत मिळते. गोळी जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू चालेल, चहा मात्र दोन तास नको. आणि उपाशीपोटी पळायला पाठवू नका. उठल्यावर एक केळं किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे, मग अर्ध्या तासानं मैदान.